दगडाचे गोत्र

आमच्या घरातला देव मागाच्या खड्ड्यात सापडला. बाबा विणकर होते आणि त्यांचा माग खड्डामाग होता. विणणारा जमिनीवर बसतो, पाय खाली खड्ड्यातल्या पावड्यांवर असतात, आणि ताण्याचे सूत घट्ट राहावे म्हणून पलीकडच्या दोरीला वजन टांगलेले असते. वस्तीतल्या इतर घरी फुटके जाते, लोखंडाचा गोळा, हाताला येईल ते टांगत. बाबांना वजन मनासारखे लागे. त्यासाठी ते नागपूर शहराच्या पश्चिमेला टाकळीकडच्या खाणीवर पायी गेले आणि भोपळ्याएवढा एक राखी दगड खांद्यावर घालून घेऊन आले. दोन वर्षे तो दगड आमच्या पातळांना ताण देत राहिला. एका सकाळी दोरी तुटली, दगड खड्ड्यात पडून फुटला, आणि तुकडे उचलायला वाकलेल्या बाबांना एका तुकड्याच्या पोटात बोराएवढा शंख दिसला. वेटोळ्यावर वेटोळे, शेवटी टाचणीच्या टोकाएवढा बिंदू. मागाचा आवाज थांबला की आमच्या घरात सगळ्यांचे कान टवकारत. माय चुलीजवळून ओरडली, "काय झालं जी? सूत तुटलं का?" बाबांनी तो तुकडा धोतराने पुसला. मग म्हणाले, "विष्णू आला."

हे लिहिताना मी सत्तरी ओलांडली आहे आणि आयुष्यभर संस्कृत शिकवले आहे, तरी त्या दोन शब्दांना पुरेसे भाष्य मला लिहिता आलेले नाही. शाळिग्राम ही वस्तू त्या काळी आमच्या वस्तीत एकाही देवघरात नव्हती. कोणी मनाई लिहून लावली होती असे नाही. देणारे देत नव्हते आणि मागण्याचे आम्हाला सुचत नव्हते. कार्तिकात तुळशीचे लग्न लागे तेव्हा आमच्या गल्लीत पितळेचा रांगता बाळकृष्ण नवरदेव होई, आणि बायका हसून म्हणत की नवरदेव अजून रांगूनच राहिला. त्या वर्षापासून आमचा दगड नवरदेव झाला. त्याच्यासाठी बाबा दरसाल नवा अंतरपाट विणू लागले, हातभर लांब, कुंकवाच्या रंगाचे काठ असलेला.

त्या घराचा वास अजून माझ्या नाकात आहे. सुताला लावायची खळ शिजत असे, तिला आंबूस, भाताच्या पेजेसारखा वास यायचा. आम्हा भावंडांना भूक लागे ती त्या वासाने, आणि ताटात मात्र भाकर आणि अंबाडीची भाजी असे. सणाला गोळाभात. आडवे सूत नेणाऱ्या धोट्याची खटखट पहाटेपासून चाले, आणि मी माझी शब्दरूपे तिच्या तालावर पाठ करी. धोटा उजवीकडे गेला की प्रथमा, डावीकडे आला की द्वितीया. बाबांना अर्थ कळत नसे, पण मी अडखळलो की त्यांना कळे, कारण ताल चुके. "एक सूत सुटलं बे तुझं," असे ते मान न वळवता म्हणत.

मला पाठशाळेत घेतले ते गुरुजींनी. ही गोष्ट मी आधी सांगतो, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात त्यांच्यावर अन्याय होऊ नये. महाल भागातल्या त्या पाठशाळेत विणकराचा मुलगा बसवण्यास विश्वस्तांपैकी काहींचा विरोध होता. गुरुजींनी माझ्याकडून एक पाठ ऐकला, डोळे मिटून, आणि म्हणाले, "उच्चार शुद्ध आहे. बाकीचे मला ऐकू येत नाही." सहा वर्षे मी त्यांच्या पायाशी बसून शिकलो. पाठशाळेच्या देवघरात गंडकीचा शाळिग्राम होता, काळा, तुळतुळीत, एका बाजूला छिद्र आणि छिद्रात चक्र. त्याच्या अभिषेकासाठी सहा वर्षे रोज मी चंदन उगाळले. ते त्याला लावण्याचे काम दुसऱ्या मुलांकडे होते. मी कधी विचारले नाही. सहाणेवरचे माझे चंदन त्या मुलांच्या बोटांवर जाई आणि तिथून देवाला, आणि मला ते पुरेसे वाटे, निदान वाटते अशी मी समजूत करून घेतली होती.

शास्त्री परीक्षेच्या वर्षी एका कॉलेजात भूशास्त्र शिकवणाऱ्या बाई आमच्याकडे पातळ विणून घ्यायला आल्या. वय तिशीचे, पायात बूट, खांद्यावर कापडी झोळी, आणि झोळीत हातोडी. माय हातोडीकडे पाहत म्हणाली, "हे काहून वं बाई? इथं काही ठोकाचं आहे का?" बाई हसल्या. रंग ठरला, काठ ठरला, चहा झाला, आणि निघताना त्यांची नजर देवघराकडे गेली. त्या गुडघ्यांवर बसल्या. मला वाटले नमस्कार करतील. त्यांनी झोळीतून भिंग काढले.

"हा कुठे सापडला?"

बाबांनी सांगितले. बाईंनी भिंग शंखाच्या आणखी जवळ नेले. त्यांनी विचारले, "चुलीवर काय आहे?" मायने दूध असल्याचे सांगितले. त्यांनी सगळ्यांना चुलीपाशी बोलावले. दुधावर साय धरली होती आणि खालून उकळी तिला हलवत होती. सायीचे दोन तुकडे एकमेकांवर सरकले आणि मधे सुरकुती उभी राहिली. बाई म्हणाल्या, "आपण ज्यावर उभे आहोत ती जमीन अशी साय आहे. खाली फार खोल, फार तापलेले. साय अखंड नाही, तुकडे आहेत, आणि ते सरकतात. आपला देश ज्या तुकड्यावर आहे तो फार दक्षिणेत होता, समुद्रापलीकडे. तिथून उत्तरेला निघाला. वाटेत त्याच्या पोटाखालून आग वर आली. डोंगराच्या शेंड्यातून धूर निघतो तशी नव्हे. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि पातळ तप्त रस बाहेर येऊन पसरत गेला. एक थर, मग शांतता, मग दुसरा थर. सगळा सह्याद्री, सगळा वऱ्हाडाचा काळा दगड त्यातला. आणि तो रस पसरत पसरत आपल्या नागपुरात येऊन थांबला. सीताबर्डीची टेकडी त्यातली. तुमचे हे घर त्याच्या काठाबाहेर आहे, आणि रामटेकची टेकडी तर त्या आगीहून कितीतरी आधीची."

बाबा खाली वाकून सायीकडे पाहत होते. त्यांनी विचारले, "थर टाकला, मंग थांबला. थांबला तवा काय झालं?"

"तेच तर," बाई म्हणाल्या. "थांबला तेव्हा हजारो वर्षे पाऊस पडला. दगडाची माती झाली, खळग्यात तळी साचली, तळ्यात गोगलगायी आल्या. मग पुन्हा भेग पडली, पुन्हा रस आला, आणि तळे झाकले गेले. गाळाचा दगड झाला. तुमच्या देवात जी आहे, ती त्या तळ्यातली गोगलगाय."

दुधाकडे कोणाचेच लक्ष राहिले नाही. मग ते उतू गेले.

बाईंनी तो दगड कॉलेजसाठी मागितला, काचेच्या कपाटात ठेवू म्हणाल्या, बाबांचे नाव लिहू म्हणाल्या. बाबांनी हात जोडले. "देव देत नसते बाई कोणाले." त्या म्हणाल्या, "अहो, पण हा पुरावा आहे, देव नाही." बाबा म्हणाले, "तुमाले पुरावा दिसून राहिला, मले देव. दगड तर एकच आहे, ठेवू द्या जिथं आहे तिथं." बाईंचा उतरलेला चेहरा पाहून मायने मिठाच्या बरणीखालचा तुकडा काढून दिला. तो त्याच दगडाचा दुसरा भाग होता आणि त्यात शंखाचा ठसा होता. "हा घेऊन जा वं. बरणी डुगडुगते, पण पाहीन मी काहीतरी."

चूक माझी झाली. त्या ज्ञानाने मी इतका भारावलो की दुसऱ्या दिवशी पाठशाळेत सहाध्यायांना सगळे सांगितले: साय, भेग, तळे, गोगलगाय. मला वाटले, माझ्या देवाची कुळकथा मला मिळाली आहे, ती ऐकून कोणालाही आनंद होईल. तीन दिवसांत ती गुरुजींपर्यंत गेली, आणि वाटेत तिचे रूप बदलले. पाठ संपल्यावर त्यांनी मला उभे केले. "माधवा, असे ऐकतो की तुमच्या गल्लीत गोगलगायीला तुळस देतात." वर्ग हसला. एकाने मागून "नवरदेव सावकाश या हो" म्हटले आणि हशा वाढला. गुरुजी हसले नाहीत. ते म्हणाले, "अज्ञानात केले त्याला दोष नाही. आता कळले आहे. कार्तिक द्वादशीच्या आत तो दगड तलावात सोड. तुझ्या परीक्षेच्या अर्जावर मी त्यानंतर सही करीन."

त्या सहीवाचून परीक्षा नव्हती. परीक्षेवाचून शिक्षकाची जागा नव्हती, आणि ती नसती तर मी मागावर बसणार होतो, सहा वर्षांचे संस्कृत पावड्यांखाली घालून. घरी सांगितले तेव्हा बाबा विणत होते. त्यांनी हात थांबवला नाही. "देव माह्या हाती आला," ते म्हणाले, "पण परीक्षा तुही आहे. तू म्हणशील तसं." मला त्यांनी ओरडावे असे वाटत होते. त्यांनी सगळे माझ्या हाती देऊन टाकले आणि धोटा फेकला.

मी बाईंकडे गेलो ते त्या चुकल्या असतील या आशेने. त्यांनी ऐकून घेतले, उठल्या, कपाटातून एक काळा गोटा काढून माझ्या तळहातावर ठेवला. मी तो ओळखला, गंडकीचा शाळिग्राम. सहा वर्षांत ज्याला बोट लावले नव्हते त्याच्यासारखाच एक माझ्या हातात होता, आणि मधोमध फोडलेला. आत चक्र होते. बाई म्हणाल्या, "हाही प्राणीच. समुद्रातला, शंखासारख्या घरात राहणारा. आपला भूखंड उत्तरेला गेला, तिथे मोठ्या भूखंडाला भिडला. दोघांमधे समुद्र होता. त्याचा तळ दाबला गेला, दुमडला आणि वर चढत गेला. त्या सुरकुतीला आपण हिमालय म्हणतो. समुद्राच्या तळाचे हे जीव अशा रीतीने पर्वतावर पोचले आणि गंडकी त्यांना खाली आणते." मग थोडे थांबून त्या म्हणाल्या, "आता तरी तुम्ही दोघांचीही पूजा सोडाल ना?"

"नाही," मी म्हणालो. "आता दोघांची करीन."

बाईंना ते आवडले नाही. मला त्यांच्याबद्दल वाईट वाटले, पण मी शब्द मागे घेतला नाही, आणि आजही घेत नाही. शिकलेली माणसे मला अजून विचारतात की हे सारे माहीत असून तुम्ही हात कसे जोडता. मी त्यांना विचारतो की हे सारे माहीत असून तुम्ही हात कसे जोडत नाही.

दुसऱ्या सकाळी अभिषेक चालू होता. मी चंदन उगाळले, आणि वाटी पुढे सरकवण्याऐवजी ती हातात घेऊन उभा राहिलो. म्हणालो, "गुरुजी, आपल्या शाळिग्रामाच्या छिद्रात जे चक्र आहे तेही एका जलचराचे घर आहे. आमचा तळ्यातला, आपला समुद्रातला. ज्या भूमीने आमच्या तळ्यावर अग्नी ओतला, तिनेच पुढे जाऊन आपल्या समुद्राला पर्वतावर चढवले. देवत्व जीवाच्या जातीवर ठरत असेल तर दोघांनाही तलावात सोडू. श्रद्धेवर ठरत असेल तर आमच्या गल्लीची श्रद्धा मोजायला मी कोणाला येऊ देणार नाही." शेवटचे वाक्य मी ठरवलेले नव्हते. ते बाहेर आले आणि माझ्याच कानांना परके वाटले. अभिषेकपात्राची धार तेवढी पडत राहिली. गुरुजी देवावरची नजर न काढता म्हणाले, "वाटी खाली ठेव. जा." आणि मी दाराशी पोचलो तेव्हा म्हणाले, "पाठशाळेचा एकही विद्यार्थी त्या लग्नाला मंगलाष्टके म्हणणार नाही. तूही नाहीस."

द्वादशीला आमच्या गल्लीत ऊस उभे राहिले. तुळशीच्या कुंडीला गेरू लागला, बोरे, आवळे, चिंचा ताटात आल्या, बायकांनी दगडाला हळद लावली. सगळ्यांना सगळे माहीत होते. शेजारचा एक म्हातारा मला म्हणाला, "पोरा, पितळेचा बाळकृष्ण आणू का गा? तुही परीक्षा वाचते." मी नाही म्हटले. गोरज मुहूर्ताला बाबांनी आणि शेजाऱ्याने अंतरपाट धरला आणि मी पुढे झालो. लग्नात वराच्या तीन पिढ्यांचा उच्चार करतात. पणजोबा, आजोबा, वडील, आणि मग वर. दरवर्षी मी तो पोथीतला म्हणत असे. त्या संध्याकाळी मी पोथी उघडली नाही. खणखणीत आवाजात, आधी संस्कृतात आणि मग सगळ्यांना कळावे म्हणून मराठीत, मी म्हणालो: भूगर्भातल्या ज्वालारसाचा प्रपौत्र, त्या रसाच्या कृष्णपाषाणाचा पौत्र, त्या पाषाणावर साचलेल्या तळ्याचा पुत्र, दक्षिण समुद्रापलीकडून चालत आलेल्या भूमीच्या कुळात जन्मलेला, दुसऱ्या अग्निप्रवाहाखाली युगानुयुगे तप केलेला, आणि विणकराच्या मागाला दोन वर्षे ताण दिलेला हा वर.

गल्लीत कोणी हसले नाही. शेजारची एक बाई पदर तोंडाशी धरून रडत होती. आणि तेव्हा मला गुरुजी दिसले. निंबाखाली उभे होते, अंगावर उपरणे, एकटे. किती वेळ उभे होते कोण जाणे. बाबांनी अंतरपाट खाली केला नाही. गुरुजी पुढे आले, लोक बाजूला झाले. ते कुंडीसमोर थांबले आणि वर्गात विचारतात त्याच आवाजात म्हणाले, "उच्चार दोन्ही पक्षांचा करायचा असतो. वधूचे कुळ सांगितले नाहीस."

मी म्हणालो, "गुरुजी, ही ज्या काळ्या मातीत वाढली ती माती त्याच काळ्या पाषाणाची झिजून झाली आहे. नदीने इथवर आणली."

"म्हणजे एकच कुळ. सगोत्र विवाह निषिद्ध आहे, माधवा."

सहा वर्षांची सगळी विद्या त्या क्षणी पाठीमागे जाऊन उभी राहिली. माय हळदीच्या हातांनी पुढे झाली. "असंन जी एका मातीचं," ती म्हणाली. "आमच्या दोघाईचं गाव एक, विहीर एक, तरी संसार झाला ना. मुहूर्त टळून राहिला गुरुजी. अक्षता घ्या नाहीतर बाजूले व्हा."

गुरुजींना त्यांच्या हयातीत असे कोणी बोलले नसेल. त्यांनी अक्षता घेतल्या नाहीत. पण ते बाजूला झाले, दोन पावले, नेमकी जेवढी अंतरपाट काढायला जागा लागते तेवढी, आणि माझी मंगलाष्टके संपून लग्न लागेपर्यंत हात जोडून उभे राहिले. कोणाला जोडले होते ते मी विचारले नाही.

त्यांनी सही केली नाही. मी मागायलाही गेलो नाही. ते वर्ष मी बाबांच्या शेजारच्या मागावर काढले. पहिल्या महिन्यात माझी बोटे सोलली आणि दुसऱ्यात ताल सापडला. पुढल्या साली रामटेकच्या एका वृद्ध पंडितांनी माझ्या अर्जावर सही केली आणि मी पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालो. निकाल घेऊन गुरुजींच्या पाया पडायला गेलो तेव्हा ते पडवीत झोपाळ्यावर बसले होते. आशीर्वाद दिला. मग म्हणाले, "मंगलाष्टकात दुसऱ्या चरणाला तू श्वास चुकीच्या जागी घेतोस. त्या दिवशीही घेतलास." इतकेच.

आता आमच्या गल्लीत एकही माग वाजत नाही. घर नवे झाले, खड्डा बुजवून वर फरशी बसली. दगड मात्र आहे. बिनसहीचा तो पिवळा पडलेला अर्ज मी घडी करून त्याच्या ताम्हनाखाली घातला आहे, कारण ताम्हन एका बाजूने डुगडुगते. रोज सकाळी अंथरुणातून पाय खाली टेकवण्यापूर्वी मी भूमीची क्षमा मागतो, लहानपणापासून मागत आलो आहे. बाई सांगत की ही भूमी अजून थांबलेली नाही. आपली नखे वाढतात त्या गतीने उत्तरेकडे सरकते आणि पर्वताला अजून वर रेटते. आमच्या दगडासह, गुरुजींच्या शाळिग्रामासह, मला पाठीवर घेऊन. मी क्षमा मागतो, आणि पाय टेकवतो. आणि मग पाठशाळेत चंदन उगाळणाऱ्या त्याच हातांनी गंध उगाळतो आणि माझ्याच बोटाने ते आमच्या दगडाला लावतो.